दानपेटीतलं पाकीट

दानपेटी उघडली, तेव्हा आत नुसती चिल्लर होती. पाकीट नव्हतं.

आजाऱ्यांना चाकाच्या खुर्च्या फुकट वापरायला देणारी ही छोटीशी संस्था. वर्गणीदार वर्षागणिक गळत गेले होते. तरी दर महिन्याला कुणी निनावी दाता पेटीत नोटांचं पाकीट टाकायचा आणि गाडा चालायचा. पेटीची किल्ली कारकुनाकडे, त्यामुळे आळ त्याच्यावरच आला. चिटणिसांनी निवृत्त फौजदारांना बोलावलं. संस्थेच्या अध्यक्ष म्हणजे फौजदारांची थोरली बहीण, सगळ्यांच्या ताई.

"पेटीला सील असतं?" फौजदारांनी विचारलं.

"मीच लावतो," चिटणीस म्हणाले. "शाबूत होतं. पण किल्ली याच्याकडेच ना!"

फौजदार कारकुनाकडे वळले. "पाकिटात किती असायचे?"

"तूट भरून निघेल तेवढेच, साहेब. जागेचं भाडं वाढलं, तर पाकीटही फुगायचं."

"तूट आधी कुणाला कळते?"

"मी हिशेब करतो, ताईंना सांगतो. बस्स."

संध्याकाळी फौजदार ताईंकडे गेले. शिवणयंत्राची जागा रिकामी होती. आईची सोन्याची साखळी ताईंच्या गळ्यात नव्हती.

"यंत्र कुठं गेलं गं?"

"जुनं झालं होतं रे."

 सख्ख्या बहिणीची झडती घेतल्यासारखं फौजदारांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. ताईंकडे न बघता फौजदार बोलू लागले.

"चोरी झालीच नाही. सील शाबूत होतं, म्हणजे पाकीट पेटीत पडलंच नव्हतं. दात्याला तूट आधीच कळायची. ती दोघांनाच ठाऊक. कारकुनाच्या पगारात असं दान बसत नाही. उरतं..."



"मी," ताई म्हणाल्या. "संस्था केव्हाच बुडाली होती. झाकली मूठ ठेवायची म्हणून घरातलं एकेक विकत गेले. या महिन्यात विकायला काही उरलं नाही."

"अगं, पण याला चोर ठरवलं, तेव्हा तरी बोलायचंस!"

"लाज वाटली रे. रोज वाटायचं, आज सांगीन. जीभच उचलली नाही."

 ताई कारकुनासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"मला नको, ताई," तो हळूच म्हणाला. "माझ्या मुलीनं विचारलं, बाबा, तुम्ही खरंच चोरलंत का? तिला येऊन सांगा."

ताईंनी चपला पायात सरकवल्या. फौजदारही उठले.

"तू नको येऊस," त्या म्हणाल्या. "हे माझं मलाच सांगायला हवं."