रिकाम्या गाडीचं माप

नीट ऐका, आणि मध्ये खिदळायचं नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला गॅरेजवाला मेस्त्री आहे ना, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. तो थापा मारणारा माणूस नाही. त्यासाठी मी आहे.

मुलीसाठी त्याने स्वतः गाडी बांधायला घेतली होती. जुना सांगाडा, दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन. पण नुसतं इंजिन दांडगं असून भागत नाही. त्याचा जोर क्लच, गिअरबॉक्स, मधला लांब शाफ्ट आणि मागचा अ‍ॅक्सल असा चाकांपर्यंत सारखा पोचावा लागतो. एक जरी जागा कच्ची राहिली, तर तिथेच घात. हे सगळं जुळवत त्याने चार महिने कागद काळे केले. शेवटी शाफ्टचं माप तेवढं राहिलं. बुधवारची रात्र, पावणेबारा. सकाळी सातला लेथवाला शाफ्ट कापणार होता.

माप घ्यायची मेस्त्री आणि त्याचा थोरला भाऊ, या दोघांची एक रीत होती. गाडी चाकांवर उभी करायची. एकाने आत बसायचं, म्हणजे स्प्रिंगा दबतात आणि शाफ्टची जागा आखूड होते. दुसऱ्याने खाली झोपून मोजायचं. आतला गाडीच्या तळावर टाचेने दोनदा ठोकणार, म्हणजे 'घे माप'. खालचा आकडा मोठ्याने सांगणार.

थोरला, म्हणजे दादा, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या गाडीचं माप घ्यायच्या दिवशी दोघांचं वाजलं होतं आणि मेस्त्री हट्टाने आलाच नाही. दादाने एकट्याने, रिकाम्या गाडीचं माप घेतलं. शाफ्ट बोटभर लांब पडला. भर वेगात गाडी खड्ड्यात दबली आणि... जाऊ दे. मेस्त्री मात्र तेव्हापासून मनातून खचला होता.

आणि तरी त्या रात्री त्यानेही तेच केलं. "आता कुणाला झोपेतून उठवू," म्हणाला आणि शटर आतून लावून एकटाच गाडीखाली सरकला.

फीत लावली. एकशे बेचाळीस सेंटीमीटर. निघणार, तेवढ्यात वर गाडीचा दरवाजा उघडला.

"कोण आहे?"

दरवाजा लागला. हळूच. स्प्रिंगा करकरल्या. चालकाशेजारच्या सीटची बाजू खाली आली... आणखी खाली. लोखंड छातीला टेकलं.

हलता येईना. श्वास अर्धाच जाई. पाठीखाली गार फरशी. हात तेवढे मोकळे.

"अगं, तू आहेस का?" त्याने मुलीला हाक मारली.

...

टक. टक.

टाचेचे दोन ठोके.

"दादा...?"

टक. टक.

फीत पुन्हा लावली. बोटभर कमी.

"एकशे... चाळीस."

भार तसाच. श्वास संपत आला. आता मेस्त्री रडायलाच लागला.

"दादा, त्या दिवशी मी यायला हवं होतं रे."

मग लोखंड छातीवरून सावकाश उचललं गेलं.

तो बाहेर आला. शटर आतून बंद. गाडीत कुणी नाही.

शाफ्ट एकशे चाळीसचाच कापला. मुलगी रोज ती गाडी चालवते, कुरकुर म्हणून नाही. फक्त गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला दोन बोटं कललेली असते. मेस्त्रीने दोनदा स्प्रिंग बदलून पाहिली. अजून कललेलीच आहे.

परवा माझ्यासमोर मुलगी त्या सीटवर पिशवी ठेवायला गेली, तर मेस्त्री घाईने म्हणाला, "मागे ठेव गं."