काजळछतातला झरोका

म्हसवडच्या माळावर बाळ चार महिन्यांचं झालं की त्याला सूर्य दाखवत. खरा सूर्य होता कुठे! घासून लख्ख केलेली पितळी परात उभी धरायची आणि आत्याने बाळाची हनुवटी वर करून म्हणायचं, "टक लावून बघ. तो येईल तेव्हा नजर खाली घालू नकोस." द्वारका शेलारवरही हाच संस्कार झाला होता, आणि मोठेपणी ती अग्निबाणात बसली.

१८९१ साली धूमकेतू आदळला आणि अर्ध्या जगाची जंगलं जळाली. साधा धूर पावसाबरोबर खाली येतो. ही काजळी मात्र उन्हाने तापली आणि तापलेल्या हवेबरोबर पावसाच्या ढगांच्याही वर जाऊन बसली. पेटलेल्या कोळशाच्या खाणी तिच्यात भर घालत राहिल्या. शास्त्रज्ञ तिला काजळछत म्हणत. त्याखाली पंचाहत्तर वर्षं नुसता संधिप्रकाश, खुरटी नाचणी आणि ऊन न मिळाल्यामुळे मुडदूस होऊन पाय वाकलेली पोरं. तरी माणसांची जात मोठी चिवट! अर्धपोटी राहून त्यांनी अग्निबाण केला. वरून क्षाराचा बारीक फवारा मारला की काजळीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन पडतात आणि छताला भोक पडतं. या भोकाला ते झरोका म्हणत.

द्वारकाने वर जाऊन चाचणीपुरता फवारा मारला आणि खिडकीतून सूर्य पाहिला. शिकवल्याप्रमाणे हनुवटी वर केली, टक लावली. ती आनंदाने रडली. हवाई छत्रीने खाली उतरली तेव्हा स्वागताला डॉ. बेडेकर उभे होते. अंगात कोट होता, हातात फुलं होती, पण मानेवर चेहरा नव्हता.

"डोळ्यातलं भिंग ऊन एका ठिपक्यावर गोळा करतं," डॉक्टर खालच्या आवाजात सांगू लागले. "ऐन मधली नजर भाजली आहे. कडेचं दिसेल, समोरचं नाही. तिथे वेदना कळत नाही, म्हणून तुला समजलं नाही. श्वास, नाडी, सगळं तपासलं आम्ही. पण सूर्याकडे बघायचं नसतं, हेच सगळे विसरलो होतो!"

"मग पुढच्याला काळी काच द्या."

"त्याला देईन. पण झरोका उघडला की खालचे लोक? त्यांना तर टक लावायलाच शिकवलंय. मी काम थांबवतोय, द्वारका."

द्वारका भडकली. "माझ्या भावाची पोर रांगत शाळेत जाते, डॉक्टर. तिला ऊन हवंय. माझे डोळे गेले म्हणून तिचे पाय अडवू नका. तुम्ही झरोका उघडा, लोकांना मी सांगते."

डॉक्टर अखेर तयार झाले, आणि तिने सांगितलंही. काठी टेकत गावोगाव फिरली. बायांनी तिलाच फैलावर घेतलं. "वर जाऊन आलीस अन् भित्री झालीस व्हय? आमच्या हक्काचा सूर्य, अन् त्याच्यापुढं आम्ही मान खाली घालायची?" त्यांच्या त्या ताठपणाचा द्वारकाला संताप येई आणि अभिमानही वाटे, कारण तिचीही माती तीच होती.

झरोका उघडायच्या उड्डाणाच्या दिवशी तिने सगळ्या पोरांना शाळेमागे नेलं, उगवतीकडे पाठ करून बसवलं, पाय उघडे ठेवायला लावले. पोरांनी ऐकलं. मग ती माळावर आईजवळ येऊन उभी राहिली. थोड्याच वेळात गालावर ऊब आली आणि शाळेमागून पोरांचा कल्ला ऐकू आला. जिंकलो, असं तिच्या मनात आलं.

"आई, डोळे मिटलेस ना?"

"मिटलं की गं."

आवाज वरच्या दिशेने जात होता. द्वारकाने आईचा चेहरा चाचपला. हनुवटी वर होती आणि पापण्या सताड उघड्या.

"आई! तू तरी ऐकायचंस!"

"समदा जल्म अंधारात काढला," आई तिचा हात बाजूला सारत म्हणाली. "आता ह्यो आलाय, अन् मी डोळं मिटू?"

द्वारकाने मान वळवून नजरेच्या कडेने माळ पाहिला. जिथवर दिसलं तिथवर सगळ्यांच्या हनुवट्या वर होत्या. ती ओरडत सुटली. कोणीच पापणी लववली नाही, कारण कोणालाच काही दुखत नव्हतं.