खुंटाचा निरोप

तोरणमाळच्या पठारावरच्या त्या काचेच्या ऋतुगृहात वर कायम उन्हाळा असायचा. पहाटेपासून दिवे लागायचे, हवा उबदार ठेवलेली असायची. बाहेर धुकं पडो नाहीतर दात वाजवणारा गारठा, आतल्या वेलींना त्याचा पत्ता लागायचा नाही. मुळं मात्र पठाराच्या खऱ्याखुऱ्या मातीत होती. बांधकामाच्या घाईत वाफ्याला तळ घालायचा राहून गेला होता आणि "मातीला काय होतंय!" म्हणून सगळ्यांनी तो विषय सोडून दिला होता. डॉ. उल्का गडकरांनीसुद्धा.

उल्काताईंचा जीव अडकला होता तो एका झाडात. त्याचं नाव शामली. शामली होती भांगेची. भांग म्हटलं की लोक लगेच डोळे मिचकावतात, पण शामलीची पोतंभर पानं खाल्ली तरी कुणाला नशा आली नसती. तिच्या फुलांच्या चिकात असं काही मिश्रण होतं, की त्यानं एका दुर्मीळ जातीची आकडी पार थांबायची. ते मिश्रण प्रयोगशाळेत बनवायला कितीतरी जणांनी डोकी फोडून घेतली होती, पण जमलं कुणालाच नव्हतं. शामलीला बी धरत नव्हतं. फांदीवरून फांदी लावत तिचा वंश कसाबसा चालवला होता आणि आता त्या फांद्याही मुळं धरेनात. म्हातारी झाली होती बिचारी.

आणि ती आकडी होती ओवीला, म्हणजे उल्काताईंच्या एकुलत्या एक लेकीला.

दोन वर्षं शामलीचं औषध घेतल्यावर ओवीची आकडी थांबली होती. पोरीनं काय करावं? तिनं सरळ गाडीचं लायसन्स काढलं आणि शहाद्याहून पर्यटकांना जीपमधून घाट चढवून आणायला लागली. पहिल्यांदा ती एकटी घाट चढून आली, तेव्हा उल्काताई ऋतुगृहाच्या मागे जाऊन ढसाढसा रडल्या होत्या.

शामली वाचवायची, तर तिचं कलम हॉप्सच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुडख्यावर बांधायचं, ही कल्पना त्यांचीच. संशोधन केंद्राचे संचालक डॉ. डोईफोडे तेव्हा खुर्चीतून जवळजवळ उठलेच होते.

"हॉप्स? ती बिअरला कडवटपणा आणणारी वेल? तिच्यावर भांग?"

"का नाही, सर? एकाच कुळातल्या आहेत दोघी, चुलत बहिणी म्हणा. कलम धरायला नातं जवळचं लागतं. आंबा आंब्यावर धरतो, फणसावर नाही धरत. इथे नातं आहे."

"असेल. पण खुंट बदलून होणार काय? खुंट म्हणजे शेवटी पाणी चढवणारी नळी."

"तिथेच तर सगळे फसतात!" उल्काताई म्हणाल्या. "कलमाच्या सांध्यातून नुसतं पाणी जात नाही. संदेशरेणू जातात. आता वाढ, आता फूल धर, आता थांब, असं मूळ वरच्या फांदीला सारखं सांगत असतं. भांगेचं मूळ एका वर्षाचं, त्याला दुसरं वर्ष ठाऊकच नाही. हॉप्सचं मूळ वीस-पंचवीस वर्षं सहज जगतं. मरायचं कसं नाही, हे त्याला पक्कं कळलेलं असतं. ते शामलीला कळू दे, एवढंच मला हवंय."

डोईफोडे सर मूळचे परभणीचे. माणूस शंकेखोर, पण मोकळा. "बघा बुवा. माझी ना नाही," म्हणाले.

पुष्कळ कलमं बांधली, त्यातलं एकच धरलं. ते उल्काताईंनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं आणि सांधा मातीच्या वर वीतभर ठेवला होता. देवगडला त्यांच्या वडिलांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. सांधा मातीत गेला की कुजतो, हे त्या घरात बाराखडीच्या आधी शिकवायचे. तिथल्या कुणीही सांधा मातीच्या वरच ठेवला असता.

शामलीनं मग जी उचल खाल्ली, ती पाहतच राहावी. खोड अंगठ्याएवढं झालं, फांद्या काचेला टेकल्या, कळ्या लागल्या. मार्गशीर्षात फुलं चिकानं चकाकायला लागली. अजून थोडे दिवस, की ओवीचं वर्षभराचं औषध तयार. उल्काताई सकाळी फुलांशी चक्क गप्पा मारायच्या.

आणि एके दिवशी शेंड्याची पानं पिवळी पडली.

कीड नव्हती, बुरशी नव्हती, पाणी कमी-जास्त झालं नव्हतं. वर दिवे होते, ऊब होती. तरी पिवळेपणा फांदी-फांदीनं खाली उतरत होता. उल्काताईंनी खोडाला संदेशवाचक लावला. हे यंत्र सांध्यातून कोणते रेणू वर जातात ते ओळखतं. पडद्यावर एकाच रेणूचा नुसता पूर आला होता.

"ओळखीचा आहे का?" डोईफोडे सरांनी विचारलं.

उल्काताई खोडाचं यंत्र काढून उठल्या. मग बाहेरच्या उघड्या वाफ्याकडे गेल्या. तिथल्या साध्या हॉप्सच्या वेली थंडीनं वाळून काड्या झाल्या होत्या. दरवर्षीच होतात. त्यांनी त्यातल्या एका काडीच्या बुडाला यंत्र लावलं. रेणू तोच होता.

"कप्पाळ माझं," त्या मागोमाग आलेल्या सरांना म्हणाल्या. "सर, हॉप्सचं मूळ वर्षानुवर्षं जगतं ते कसं, हे मी कधी विचारलंच नाही हो! थंडी आली की ते मातीच्या वरचं सगळं सोडून देतं. वेल, पानं, सगळंच. मातीच्या खाली कोंबांचे जे डोळे असतात तेवढे सांभाळतं आणि पुढच्या वर्षी त्यांतून नवं काढतं. वरचं सोडतं म्हणूनच ते टिकतं. तो सोडण्याचाच निरोप आता शामलीला पोचलाय."

"पण आत तर उन्हाळा ठेवलाय आपण."

"वर ठेवलाय. माती पठाराची आहे, ती गारठली आहे. आणि खुंटाच्या हिशेबात अख्खी शामलीच मातीच्या वर आहे. मीच ठेवली, वीतभर वर, आंब्यासारखी."

डोईफोडे सर आत जाऊन शामलीच्या बुडाशी मातीला हात लावून आले. चांगलीच गार लागली त्यांना. "मग माती गरम करू. विजेच्या तारा पुरतो, आजच पुरतो. निरोप थांबेल?"

"थांबेल. फुलं पिकतील. ओवीचं वर्ष निघेल." उल्काताई म्हणाल्या. "पण हॉप्सच्या मुळाला झोप लागते, सर. थंडीत निजलं नाही, तर त्याला पुढचे डोळेच फुटत नाहीत. यंदाचं पीक देईल आणि संपेल. शामली संपेल."

"आणि दुसरा मार्ग?"

"आजच सगळं वरून छाटायचं, फुलांसकट. सांधा आणि त्याच्या वरचं हातभर खोड वाकवून मातीत पुरायचं. त्या खोडावरचे शामलीचे डोळे मातीखाली गेले, तर खुंट कदाचित त्यांना आपलं मानेल आणि सांभाळेल. कदाचित म्हणतेय मी. पिवळेपणा सांध्यापर्यंत उतरला, की तेही नाही."

म्हणजे एकीकडे ओवीचं एक खात्रीचं वर्ष आणि दुसरीकडे एक 'कदाचित'. पुढच्या थंडीत तिसरं काही सुचेल, अशी खोटी आशा उल्काताईंनी मनाशी धरून पाहिली. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना उत्तर ठाऊक होतं, पण आई म्हणून त्या तारा पुरायला केव्हाच तयार झाल्या होत्या, आणि याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

जेवताना त्यांनी ओवीला सगळं सांगितलं. ओवीनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

"रुबीनाचं काय मग?" तिनं विचारलं.

रुबीना शिरपूरची, आठवीतली. नाशिकच्या दवाखान्यात तिची नि ओवीची ओळख झाली होती. आकडी तीच, पण एका झाडाचं औषध पुरून पुरून किती जणांना पुरणार? ते रुबीनापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. ओवी जीपचे फोटो तिला पाठवायची. तुझीपण एक फेरी राहिली, असं लिहायची.

"तिचं नंतर बघू गं. मी तुझं विचारतेय."

"शामली संपल्यावर नंतर काय बघणार आहेस, आई?"

"ओवी, आकडी परत येईल. तुझी गाडी बंद होईल. घाटात, आंघोळीला गेलेली असताना, कुठेही येईल ती. तुला आठवत नाही, पण मला सगळं आठवतंय!"

"मलाही आठवतं. जीभ कुणाची चावली जायची?" ओवी हसली आणि मग तिचे डोळे भरले. "मला भीती वाटते. खूप वाटते. पण यंदाचं वर्ष काढून पुढच्या वर्षी आपण दोघी काय करणार? तुला छाटवत नसेल, तर मी छाटते. कात्री कुठे आहे ते माहितीये मला."

कात्री शेवटी उल्काताईंनीच चालवली. अर्धवट पिकलेली फुलं मातीत पडत होती आणि डोईफोडे सर ती पोत्यात भरत होते. त्यांचा उपयोग नव्हता, पण टाकवत नव्हती. मग उल्काताईंनी खोड हळूहळू वाकवलं, सांध्याखाली हात धरला आणि त्यावर माती लोटली. वडिलांनी पाहिलं असतं तर रोपवाटिकेतून हाकलून दिलं असतं.

थंडी काढायला जड गेली. पौषात ओवीला पहिली आकडी आली, चुलीशी नव्हती एवढं नशीब. मग येतच राहिल्या. जीपची किल्ली तिनं स्वतःच आईच्या हातात दिली. उल्काताई न्हाणीच्या दाराला कडी लावू द्यायच्या नाहीत आणि ओवी चिडायची. एकदा दोघी कडाकडा भांडल्या आणि मग एकाच गोधडीत शिरून निजल्या. रुबीनाचा फोन आला, की ओवी हळू आवाजात तिच्याशी बोलत बसायची. आता दोघींना बोलायला बरंच सारखं होतं.

फाल्गुन सरता सरता वाफ्यात कोंब आले. उल्काताई गुडघ्यांवर बसल्या. पानं द्राक्षाच्या पानांसारखी होती. हॉप्सची. त्यांनी ते कोंब खुडले. दुसरे आले, तेही हॉप्सचेच. चैत्र लागला, वाफाभर सगळी हॉप्स, शामलीचं नाव नाही. पुरलेल्या सांध्याची जागा पार मोकळी होती. उकरून बघायचं धाडस होईना, आणि न उकरताही कळतच होतं. उल्काताई रोज वाफ्यावर जायच्या आणि रोज ओवीला खोटं सांगायच्या, की अजून वेळ आहे.

जीप नाही म्हणून ओवी पठारावरच्या तळ्याकडे पायी जायला लागली होती. एका सकाळी ती केंद्राच्या कुंपणाच्या पलीकडून ओरडली. आकडीच आली, या भीतीनं उल्काताई अनवाणी धावल्या, मागून डोईफोडे सर.

ओवी धडधाकट उभी होती. तिच्या पायाशी, कुंपणाबाहेर, वाळल्या गवतातून एक कोंब वर आला होता. त्याची पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली होती.

उल्काताईंनी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. यंत्राची गरजच नव्हती, तो वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता. तरी त्यांनी यंत्र आणलं. शामलीच होती.

"कुंपणाबाहेर कशी गेली ही?" डोईफोडे सर थक्क होऊन म्हणाले.

उल्काताई आधी हसायला लागल्या आणि मग हसता हसता रडायला. "सर, हॉप्सचं मूळ मातीत नुसतं निजत नाही, धावतं. आडवी खोडं काढतं आणि लांब लांब जाऊन वर डोकं काढतं. आपण शामलीला मातीत पुरलं. खुंटानं तिला आपलं मानलं आणि जे स्वतःच्या डोळ्यांना सांगतो, तेच तिलाही सांगितलं. जागेवर राहू नकोस, पसर! मी वेडी वाफ्यातच बघत बसले."

त्यांनी बोटांनी माती सारली. खाली करंगळीएवढं जाड, गाठीगाठीला डोळे असलेलं पांढरंशुभ्र खोड ऋतुगृहाकडून आलं होतं आणि कोंबाशी थांबलं नव्हतं. ते उताराच्या दिशेनं पुढे गेलं होतं. एक गाठ तोडून कुठेही पुरली, तरी नवी शामली उठली असती. कलम नको, काच नको, दिवे नकोत.

"पण भांगेच्या आपल्या परवान्यात एकच झाड लिहिलंय हो!" डोईफोडे सरांनी डोक्याला हात लावला.

"एकच आहे, सर. ठिकठिकाणी वर आलंय, एवढंच."

त्यांनाही हसू फुटलं. परवान्याचं काय ते मी बघतो, लिहितो वर, असं म्हणत ते नाशिकच्या डॉक्टरांना फोन लावायला लागले. पलीकडून काय विचारलं ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "किती पेशंटना पुरेल, म्हणताहेत."

उल्काताईंनी उताराकडे पाहिलं. यंदा फुलं यायला महिने लागणार होते, तोवर ओवीला आणखी आकड्या सोसायच्या होत्या, हे त्यांना कळत होतं. पण आकडा सांगायचा तर कुठून मोजायला सुरुवात करायची, हेच त्यांना कळेना.

"त्यांना म्हणावं, आधी रुबीनाच्या घरी मोकळी जागा आहे का विचारा," त्या म्हणाल्या.

ओवी एव्हाना उतारावर बरीच खाली गेली होती. गवत बाजूला करत, वाकून बघत ती चालली होती.

"आई," ती ओरडली, "इथे पण आहे! आणि इथेही!"