डाव्या हाताची पट्टी

तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर एकाचाही बसलेला नाही. एक जण तर ऐकता ऐकता मधूनच उठून गेला, आणि तो माझा सख्खा व्याही होता.

पण घटना खरी आहे. अगदी शंभर टक्के.

आणि रात्रीची नाही. भुतांना अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवा लावून झोपावं. ही घटना दुपारची. लख्ख उन्हातली. बरोबर तीन वाजताची.

म्हणून तीनच्या आत संपवतो.

एक तबेला होता. सात खण, सहा घोडी. लोक आपापली जनावरं तिथे ठेवायचे आणि महिन्याचं भाडं भरायचे. त्यांची देखभाल करायला एक मोतद्दार होता. त्याला सगळे मुका म्हणायचे. मुका नव्हता तो. माणसांशी बोलायचा कंटाळा, एवढंच. घोड्यांशी मात्र दिवसभर तोंड चालू.

ही गोष्टही त्याने कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. मेला तेव्हा बरोबर घेऊन गेला.

तर त्या तबेल्यात शेवटच्या खणात एक तांबूस घोडी होती. ती एका घड्याळजीची. किडकिडीत माणूस, डावखुरा. अंगावर कायम दोन-तीन दुरुस्तीची घड्याळं, त्यामुळे तो आला की आधी टिकटिक यायची, मग तो. रोज दुपारी तीनच्या ठोक्याला यायचा आणि घोडीवरून फेरी मारून यायचा.

पहाटे उठून लीद काढायची मुक्याने. खरारा करायचा मुक्याने. दाणा, पाणी, माश्या वारणं, सगळं मुक्याने. आणि तीन वाजले की घोडीचे कान दाराकडे.

मुक्याच्या पोटात दुखायचं.

एक दिवस ओल्या फरशीवरून घोडी घसरली. घड्याळजी खाली. घोडीचा पुढचा डावा पाय घोट्याच्या वर चांगला चार बोटं फाटला. घड्याळजीला इस्पितळात नेलं, घोडीला तबेल्यात आणलं. तिसऱ्या दिवशी बातमी आली.

घड्याळजी गेला.

मुक्याला वाईट वाटलं. अर्धा तास. मग त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि मनात म्हणाला, आता कोण येतंय तीन वाजता?

आठवड्याने घड्याळजीची बायको आली. घोडीला लांबूनच बघितलं. म्हणाली, "भाऊ, हिचा पाय धड झाला की माझा भाऊ येऊन घेऊन जाईल. तोवर तुम्हीच बघा."

पाय धड झाला की.

नालबंद तिथेच दुसऱ्या घोड्याला नाल ठोकत बसला होता. बाई गेल्यावर तो मुक्याला म्हणाला, "ही सासरी निघाली की तू बाप म्हणून रडणार का सवत म्हणून?" आणि स्वतःच हसत बसला. मुका हसला नाही.

आता मुक्याची कारागिरी ऐका. जखम तो रोज धुवायचा, मलम लावायचा. त्यात खोट नाही. पण वर फडक्याची लांब पट्टी गुंडाळताना ती जरा सैल सोडायचा. एवढीशीच. चालताना पट्टी घासते, खपली निघते, जखम ओली राहते. बघणाऱ्याला वाटतं, काय जीव टाकतोय बिचारा.

पाय बरा झाला नाही तर ती जाणार नव्हती. एवढाच त्याचा हिशेब होता.

दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो विहिरीवरून पाणी घेऊन आला. बघतो तर...

पट्टी घट्ट होती.

प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा बरोबर अर्धा भाग झाकणारा. एक सुरकुती नाही. आणि वेढे उलटे. मुका बाहेरून आत गुंडाळायचा. हे वेढे आतून बाहेर आले होते.

डाव्या हाताने बांधल्यासारखे.

मुक्याने नालबंदाला विचारलं, तू हात लावलास का? नालबंद म्हणाला, मी नाल सोडून घोड्याचं काही बांधत नाही.

मुक्याने पट्टी सोडली. पुन्हा सैल बांधली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट. तिसऱ्या दिवशीही.

तुम्ही-आम्ही असतो तर घाबरलो असतो. मुक्याला भीती नंतर वाटली. आधी आला तो राग. अंगाचा नुसता तिळपापड. मेला तरी हात सुटत नाही याचा! आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. ती पट्टी मुक्याच्या पट्टीपेक्षा चांगली होती. वीस वर्षं पट्ट्या बांधणाऱ्या माणसापेक्षा चांगली.

चौथ्या दिवशी त्याने दाभण घेतलं, मेण लावलेला दोरा घेतला आणि पट्टीचं टोक शिवून टाकलं. सात टाके. मग खणात शिरून आतून कडी लावली, गवताच्या भाऱ्यावर बसला.

खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर नालबंदाची हातोडी चालली होती.

मग हातोडी थांबली.

माश्यासुद्धा थांबल्या.

आणि...

टिक. टिक. टिक.

तबेल्यात घड्याळ नव्हतं. कधीच नव्हतं.

घोडीचे कान दाराकडे वळले. कडी तशीच. दार तसंच. घोडीने मान खाली घातली, आणि तिचा वरचा ओठ थरथरायला लागला. आयाळीखाली कुणी खाजवलं की घोडी असंच करते. मुक्याने तिला वर्षानुवर्षं खाजवलं होतं. त्याच्यासाठी तो ओठ एकदाही थरथरला नव्हता.

मग तिने पाय उचलला.

तो दुखरा पाय. मुक्याला तो उचलायला लावताना रोज घाम फुटायचा. तिने आपण होऊन उचलला, पुढे केला... आणि तसाच ठेवला. हवेत. खाली कुणाची मांडी असावी तसा, निवांत.

कितीतरी वेळ.

तीन पायांवर घोडी एवढा वेळ डुलल्याशिवाय उभी राहत नाही. ही राहिली. अंगाचा भार कुणावर तरी टाकून.

मुक्याच्या तोंडून शब्द निघाले. हळूच. "ती आता माझी आहे."

टिकटिक थांबली.

घोडीने वळून मुक्याकडे बघितलं. कसं बघितलं म्हणून सांगू? घरात पाहुणा बसलेला असावा आणि त्याने मध्येच तोंड घालावं, तसं.

मग तिने पाय अलगद खाली ठेवला. हातोडी पुन्हा वाजायला लागली.

मुका गुडघ्यांवर सरकत गेला. सातही टाके जागच्या जागी. दोरा त्याचाच, गाठ त्याचीच.

टाक्यांखालची पट्टी मात्र उलटी होती. आतून बाहेर.

त्या दिवसापासून मुक्याने सैल पट्टी बांधली नाही. बांधायला गेला तरी हात ऐकेना. पंधरा दिवसांत जखम भरली. घड्याळजीच्या बायकोचा भाऊ आला, घोडीला घेऊन निघाला. फाटकापाशी ती थांबली आणि तिने मागे वळून पाहिलं.

मुक्याचा ऊर भरून आला. म्हणाला, शेवटी ओळखलं म्हणायचं.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्याच्या जरा मागे बघत होती.

ते त्याला आजही... म्हणजे मरेपर्यंत लागून राहिलं.

आणि एक राहिलंच. घोडी गेली, पण टिकटिक तिच्याबरोबर गेली नाही. मुक्याने तबेला सोडला, घर बदललं, म्हातारा झाला. कुठेही असो, दुपारी तीन वाजले की टिकटिक दारापर्यंत यायची. आत यायची नाही. नुसती उभी राहायची. मुका काही बांधत असला, पोतं, गाठोडं, बुटाची नाडी, तर तो कसा बांधतो हे बघत असल्यासारखी.

संपली गोष्ट. उठा आता, कामं पडली आहेत.

सगळे उठले. नातसून तेवढी बसून राहिली. इतका वेळ ती शेंगा सोलत होती, मधूनच मान वर करत.

"आजोबा," ती म्हणाली, "मुक्याने हे कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं? आणि मघापासून दाराकडे काय बघताय?"