जामीनदाराचा रकाना

काचेमागच्या साहेबा, तू तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाहीस. पाच वर्षं ती वॉर्डात तुझ्यासारख्यांच्या आईबापांची अंथरुणं बदलतेय, अंगं पुसतेय. तेव्हा तिच्याकडे कुणी जामीन मागितला नव्हता. आज नर्सिंगच्या डिग्रीसाठी कर्ज मागायला आली, तर जामीनदाराचा रकाना रिकामा म्हणून फॉर्म परत सरकवलास. पुढच्या शुक्रवारपर्यंत भरून आणा म्हणालास, आणि पुढचा नंबर पुकारलास.

ती तरातरा निघाली आणि हाताला हिसका बसला. बँकेचं दोरी बांधलेलं पेन मुठीतच राहिलं होतं.

"ते सोडा," रांगेतला मागचा उंच तरुण म्हणाला. "कर्ज मंजूर झालं तरी पेन देत नाहीत. मी विचारून पाहिलंय."

हसू येऊ नये अशा वेळी तिला हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

तो तिच्याच हॉस्पिटलातला निघाला. वरच्या मजल्यावरचा नर्स. सगळे त्याला ब्रदर म्हणत. अशाच कर्जावर शिकलेला, हप्ता दोनदा कापला म्हणून भांडायला आलेला. त्याने तिचा फॉर्म वाचला आणि कुणी न विचारता सल्ला दिला. घेऊ नका.

"स्वतः शिडी चढलात, आणि आता वरून ओरडताय, चढू नका?"

"वर काही नाहीये… म्हणून ओरडतोय."

मग ती लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागली. तब्येतीला बरं, असं स्वतःलाच सांगत. तो रोज कुठल्या ना कुठल्या पायरीवर भेटायचाच. एकदा हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर त्याने हिशेब मांडून दिला. हप्ता गेल्यावर सात वर्षं तिच्या हातात आजच्याइतकाच पगार उरणार होता. घरी वडील म्हणत, आहे ती नोकरी काय वाईट आहे? त्यांची तुटपुंजी पेन्शन बँक जामिनाला धरत नव्हती, आणि मामाने विषय काढल्यापासून फोन उचलणं सोडलं होतं. तिचं चित्त कशात लागेना. भांडी घासता घासता हात पुसून ती पुठ्ठा पुन्हा वाचायची. आकड्यांच्या खाली त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दोघांचा चहा मात्र परवडेल.' त्या ओळीवर ती जरा जास्तच रेंगाळायची.

शेवटच्या बुधवारी दुपारी अकरा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं अंग पुसताना तिला त्यांची बोटं गार लागली. श्वास उथळ, नजर हरवलेली. तिने इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. एकटीने तीस पेशंट ओढणाऱ्या त्या बाई वर न बघताच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पुसा."

ती धावत जिना चढली आणि ब्रदरला ओढून घेऊन आली. त्याने नाडी पाहिली, बीपी घेतलं, डॉक्टरांना बोलावलं. आजोबा वाचले. त्याने नोंद लिहिली, खाली सही केली, आणि पेन तसंच धरून उभा राहिला.

"पाहिलं तुम्ही. नाव माझं लागलं."

"म्हणूनच घ्यायचंय कर्ज," ती म्हणाली. "राहू देत हात रिकामे सात वर्षं. मी पाहिलेलं मला लिहिता आलं पाहिजे."

संध्याकाळी तो जिन्यात वाट पाहत होता, कानाच्या पाळ्या लालबुंद. बँकेत फोन केला होता, म्हणाला. नवऱ्याची सही चालते. माझे चारच हप्ते उरलेत. म्हणजे… तुमची हरकत नसेल तर…

तिच्या आत काहीतरी लख्ख झालं आणि लगेच डोकं तापलं. बँकेच्या रकान्यासाठी लग्न? ती तडक जिना उतरून गेली.

गुरुवारी इन्चार्ज सिस्टरनी तिला बाजूला घेतलं. तिच्या कर्जाची गोष्ट एव्हाना वॉर्डभर झाली होती. चुकलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. फॉर्म मागून घेतला, जामीनदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, सही ठोकली. "नापास झालीस तर माझ्याशी गाठ आहे."

ती दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली. तो खोकी रचत होता. तिने कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"भरला रकाना. तुझी सही नकोय आता."

आजवर ती त्याला अहो-जाहो करत होती. त्याच्या हातातली रास डळमळली.

"कालचं परत विचारायचंय का? जामीन वगळून…" तिची धाप अजून थांबली नव्हती. "विचारायचंय की नाही? बोल. मी इथून हलणार नाहीये."