अंजिराच्या बारा काड्या

रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला, खताच्या गोण्यांची खोली ओलांडली की एक जाड दार लागतं. दाराशेजारी खिळ्याला वही लटकवलेली असते. आतल्या थंड खोलीचं तापमान रोज सकाळी नऊला आणि दुपारी तीनला त्या वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेल्या माणसाला याहून जोखमीचं काम कोणी दिलं असतं, तर मीच हात जोडले असते. इथे सगळे मला पुस्तककाका म्हणतात. त्यात थोडी थट्टा आहे, पण मला ती लागत नाही.

खोलीत चार अंश असतात. थंडीत छाटलेल्या द्राक्षाच्या, गुलाबाच्या, अंजिराच्या काड्या ओलसर भुशात गुंडाळून पेट्यांत ठेवायच्या आणि थंडी सरली की कुंड्यांत लावायच्या, अशी इथली पद्धत. मुकादमांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं, की काडीची झोप मोडता कामा नये. ऊब लागली की काडीवरचे कोंबांचे डोळे आधी फुटतात, मुळं मागे राहतात, आणि पानं काडीतला साठा खाऊन तिला आठवड्यात संपवतात.

माझ्या डाव्या हाताला, खालच्या फळीवर, एक पेटी वहिनींची होती.

दादा गेल्यावर दोन महिन्यांत वहिनींना ते घर सोडावं लागलं. नव्या मालकाला अंगणात गाडी उभी करायची होती. अंजीर तोडायला माणसं आली तेव्हा वहिनींनी त्यांना चहा देऊन थोपवून धरलं आणि मला फोन केला. मी जाऊन बारा काड्या कापल्या. खालचा काप सरळ, वरचा तिरपा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. तरी घरी पोचेपर्यंत मला शंका, की आपण दोन्ही काप तिरपे तर नाही घेतले.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, यातली एक तरी जगवा. दुसरं मी काही मागत नाही."

याआधी त्यांनी एक गोष्ट मागितली होती, ती त्या बोलल्या नाहीत. दादा तापाने अंथरुणाला खिळला होता तेव्हा त्यांचा दोनदा फोन आला होता. ते तुमची वाट बघतात, दुपारी येऊन नुसते बसा, म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा मी सदरा चढवला, चपला घातल्या, एकदा तर त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. आत जाऊन बोलणार काय, हे काही सुचेना. आम्ही भाऊ कधी गप्पा मारत बसलेलो नव्हतो. मी परत फिरलो. तिसऱ्या फोनला घाईने जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात पेटीतला भुसा पुरेसा ओला आहे का, हे बघायला मी हात घातला. भुसा कोमट लागला. माझाच हात गार पडला असेल, असं वाटलं. दुसरा हात घातला. मग भुशात खुपसायची सुई असलेलं थर्मामीटर आणलं. नऊ अंश. शेजारच्या गुलाबाच्या पेटीत चार.

मी पेटी पंख्याच्या अगदी खाली सरकवली. दुसऱ्या दिवशी अकरा.

मुकादमांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते हसले. ओला भुसा कुजायला लागला की तापतो, यात नवल काय, असं म्हणून त्यांनी स्वतः सगळा भुसा बदलला, काड्या धुतल्या, नव्या कोरड्या पेटीत नव्या भुशात घातल्या. पुढच्या सकाळी एकवीस होते. त्यांनी थर्मामीटर बदलून पाहिलं. तरी एकवीसच. मग मान खाजवत म्हणाले, काका, झाकण लावा आणि वरचेवर उघडू नका. त्या दिवसापासून त्या फळीशी ते एकटे जायचं टाळू लागले.

एवढ्या उबेत डोळे फुटायला हवे होते. ते गच्च मिटलेले होते.

घरी माझं वाचनात लक्ष लागेना. एकच पान तीनतीनदा वाचायचो, उठायचो, पाणी प्यायचो, पुन्हा बसायचो. रविवारी सुट्टी असूनही मी जाऊन पेटी बघून यायचो. मी एक छोटी वही केली आणि खोलीच्या आकड्यांबरोबर या पेटीचेही आकडे लिहू लागलो. अठ्ठावीस. तेहतीस. मग सदतीसला येऊन आकडा थांबला, आणि आठवडाभर तिथेच राहिला. कुठलाही माणूस ओळखेल असा तो आकडा. मी ओळख दाखवली नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी अडतीस पूर्णांक चार. दुपारी एकोणचाळीस.

मग तो रोज चढत-उतरत राहिला. सकाळी थोडा कमी, दुपारी जास्त. मी बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, त्या तासाभरात वितळल्या. एकदा, कोणी बघत नाही असं पाहून, मी रुमाल भिजवून काड्यांच्या जुडीवर ठेवला. आकडा अर्ध्या अंशाने उतरला. बर्फाने उतरला नव्हता.

दहाव्या दिवशी दुपारी वहिनी काड्या बघायला आल्या. त्यांना थंड खोलीत न्यायचं धाडस मला होईना, म्हणून मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि काहीबाही सांगत राहिलो. वही बाकावर होती. माणसं वाट बघताना चाळतात तशी त्यांनी ती उघडली. पानावर त्यांचं बोट हळूहळू खाली सरकत गेलं.

"हे तुम्हाला कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मीच लिहिलंय, काड्यांचं आहे. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी त्यांच्या कपाटाला हात घातला होता. मग वही मिटून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या. पर्समधून त्यांनी कॅलेंडरचं एक फाडलेलं पान काढून माझ्या वहीशेजारी ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्या अक्षरात दादाच्या तापाचे आकडे होते. औषधाच्या वेळेला लिहिलेले, सकाळी नऊ आणि दुपारी तीन. पहिल्या दिवशी सकाळी अडतीस पूर्णांक चार. दुपारी एकोणचाळीस.

दशांशासकट सगळे आकडे जुळत होते. सहाव्या दिवशीची सकाळ त्यांच्या पानावर रिकामी होती, त्या औषध आणायला गेल्या होत्या. माझ्या वहीतही ती रिकामी होती. त्या दिवशी थर्मामीटरची बॅटरी गेली होती.

त्यांच्या पानावर दहा दिवसांखाली आणखी एक ओळ होती. अकरावा दिवस. नऊला चाळीस पूर्णांक एक, तीनला चाळीस पूर्णांक सहा. त्याखाली काही नव्हतं.

माझ्या वहीत आजचं सकाळचं चाळीस पूर्णांक एक लिहून झालं होतं. शाई वाळली होती.

"तीनला मी त्यांचा ताप बघितला," वहिनी म्हणाल्या. "थर्मामीटर धुवायला आत गेले, तेवढ्यात. जवळ कोणी नव्हतं, भावजी."

मी वही मिटली. म्हणालो, "आज दुपारी मी बसतो."

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि तिथेच थांबल्या.

एक वाजता मी आत गेलो. मुकादमांनी अडवलं, अर्ध्या तासाहून जास्त आत बसायचं नाही असा नियम असल्याचं सांगितलं. मी ऐकत नाही हे पाहून त्यांनी अंगातला जाड कोट काढून मला दिला, आणि दार किलकिलं ठेवून वहिनींशेजारी बसले.

मी उलटा क्रेट घेऊन पेटीपाशी बसलो. भुशात हात घालून जुडी धरली. ती भाजत होती.

काय बोलावं ते मला तेव्हाही सुचलं नाही. "आलो," एवढंच म्हणालो.

तीन वाजता आकडा चाळीस पूर्णांक सहा झाला.

मी हात काढला नाही.

ऊब बोटांतून मनगटात आली, मनगटातून कोपरात. कोटाच्या बाहीत ती वर चढत गेल्याचं मला स्पष्ट कळत होतं. मग खांद्यापाशी ती नाहीशी झाली.

अडतीस.

तीस.

सतरा.

सव्वाचारला पेटीत चार अंश होते. काड्या गार, ओलसर, डोळे मिटलेले. मी नखाने एकीची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं.

बाहेर आल्यावर मुकादमांनी मला उन्हात बसवलं. सव्वातीन तास आत काढूनही मला थंडी वाजत नव्हती, याचं त्यांना कौतुक वाटलं.

थंडी सरल्यावर बाराही काड्या लावल्या आणि बाराही रुजल्या. वहिनींच्या नव्या घराच्या गच्चीत आता त्यांच्या कुंड्यांची रांग आहे. वहिनी मला दर रविवारी जेवायला बोलावतात, आणि मी जातो. आम्ही फारसं बोलत नाही. पानं मोजून त्या मला सांगतात, मी मान डोलावतो.

कामावर मी अजून जातो. परवा सकाळी मुकादम माझ्याबरोबर थंड खोलीत आले. नव्या पेट्या कुठे लावायच्या हे ते दाखवत होते. थंडीमुळे त्यांच्या तोंडातून शब्दागणिक वाफ निघत होती. द्राक्षाच्या पेट्या वर का ठेवू नयेत, यावर मीही माझ्या स्वभावाला न शोभेल इतकं लांबलचक बोललो.

बोलणं संपलं तरी मुकादम माझ्या तोंडाकडेच बघत होते. मला वाटलं, माझं काही चुकलं असावं. मग मीही चष्म्यावरून समोर बघितलं, आणि खात्री करून घ्यायला तोंड उघडून एक मोठा श्वास सोडला.

वाफ निघाली नाही. समोरची हवा स्वच्छ होती.