वाचून कायम

खुर्च्या चौदा होत्या आणि माणसं पंधरा. पंधरावी ती. शहराचं निसर्ग आणि हवामान धोरण ठरवायला समिती बसली होती. तिच्यात एक तरुण प्रतिनिधी हवाच असं वरून कळवलं होतं, म्हणून तिला बोलावलं होतं. पण ती बसणार कुठं, हे बोलावणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दारात उभी राहिली. बुटांना चिखल, हातात तीन वर्षांच्या मोजणीचे तक्ते. तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण उठला, आपली खुर्ची उचलून त्यानं टेबलाच्या टोकाला ठेवली आणि स्वतः वही घेऊन खिडकीच्या कट्ट्याशी जाऊन उभा राहिला.

"तुम्ही कुठं बसणार?" तिनं हळूच विचारलं.

"मी इतिवृत्त लिहितो. मी बसलोय की उभा आहे, इकडे कोणाचं लक्ष नसतं."

तिला हसू आलं. सभेत बरं दिसत नाही म्हणून तिनं ते तक्त्यांमागे लपवलं, पण त्यानं पाहायचं ते पाहिलं होतं. तिच्यापुढे जी पाटी होती तिच्यावर नाव नव्हतंच, नुसतं 'युवा' लिहिलं होतं. त्या दिवसापासून तो तिला युवा म्हणू लागला आणि ती त्याला लेखनिक.

तिचं मागणं एवढंसंच होतं. बसडेपोच्या मागची पाणथळ आहे तशी राहू द्यावी, एवढं एक कलम धोरणात हवं. समितीतल्या इंजिनीअरसाहेबांच्या मनात तिथं भराव टाकून भिंत घालायचं होतं. पाऊस कोसळला की खालच्या वस्तीत शिरणारं पाणी ही पाणथळ पोटात घेते, हे साहेबांनी पाहिलं नव्हतं. तिनं गुडघाभर पाण्यात उभं राहून पट्टीवर मोजलं होतं.

पाणी आणि पक्षी मोजायला सुरुवात केली तेव्हा तिच्यासकट बावीस पोरंपोरी होती. तक्त्यावर 'मोजणारे' असा एक रकाना असे. बावीस, मग चौदा, मग सहा. कोणाला नोकरी लागली, कोणाचं लग्न ठरलं, कोणी काही न सांगताच यायचं थांबलं. गेलं वर्षभर त्या रकान्यात ती दर रविवारी 'एक' लिहीत होती. बदकं अकरा होती की बारा, हे विचारायलाही शेजारी कोणी नसायचं. खोलीवर आली की आईचा फोन यायचा, एवढा जीव काढून मिळतं काय म्हणून. मागून दादा ओरडायचा, आमच्या पाणकोंबडीला विचार जेवली का. जेवले, असं ती म्हणायची, आणि बऱ्याचदा ते खोटं असायचं. फोन ठेवला की ती एकटी पडायची, आणि ते कोणाला सांगायची तिला लाज वाटायची.

दुसऱ्या सभेची सुरुवात नेहमीच्या रिवाजानं झाली. "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम?" असं अध्यक्षांनी विचारलं, ज्यांना मताचा हक्क होता त्यांनी हात वर केले, तिला तो नव्हता, आणि इतिवृत्त कायम झालं. आता त्यात काना-मात्रेचाही बदल नाही. तिनं आपली प्रत उघडली. वीस मिनिटं ती बोलली होती. कागदावर एक ओळ होती. 'युवा प्रतिनिधींनी मनोगत व्यक्त केले.'

सभा संपल्यावर तिनं त्याला झेरॉक्स मशीनपाशी गाठलं.

"मनोगत? मी आकडे दिले होते, लेखनिक."

"मी सगळं उतरवलं होतं. अध्यक्षसाहेब तपासतात ना... ज्यांना मत असतं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांना नसतं त्यांचं मनोगत."

"मग तुम्ही लिहिता काय एवढं? मान तर वर होत नाही तुमची."

"होते की," मशीनचं झाकण पुसत तो म्हणाला. "तुम्ही तेव्हा कागदात बघत असता."

पुढं दर सभेनंतर ती दोघं कॉफीच्या मशीनशेजारी उभी राहू लागली. तो गेली पाच वर्षं त्या पाणथळीवरून बसनं जात होता आणि त्याला ती नुसता चिखल वाटायची. तोही या शहरात एकटाच होता, खोलीवर रेडिओ लावून ठेवायचा, कोणीतरी बोलत असावं म्हणून. रविवारी या की, हे शब्द कितीदा तिच्या ओठांवर आले आणि कॉफीबरोबर गिळले गेले. एकवीस जण यायचे थांबले होते. बाविसावा थांबला तर ते तिला सोसलं नसतं.

सहावी सभा शेवटची. अध्यक्षांनी चष्मा काढून सांगितलं की, पाणथळीचं कलम मताला घेता येणार नाही. जो मुद्दा आधीच्या सभांत आलाच नाही तो आज कसा घ्यायचा? पाचही इतिवृत्तं चाळून झाली. पाचही ठिकाणी मनोगत. ती तक्ते घेऊन उभी राहिली. तीन वर्षं भरावाखाली जाताना तिला दिसत होती.

"आलाय, साहेब." आवाज खिडकीच्या कट्ट्याकडून, लेखनिकाचा आला होता. "कच्च्या वहीत आहे."

आणि तो वाचू लागला. तारखा, पक्षी, पाण्याची उंची. गेल्या वर्षीच्या मोठ्या पावसात पाणथळ एका दिवसात चार फूट चढली आणि वस्तीत पाणी घोट्याच्या वर गेलं नाही. सुरुवातीला त्याचा आवाज कापत होता, नंतर नाही. तिचं एक-एक वाक्य, जसंच्या तसं. कलम एका मताच्या फरकानं मंजूर झालं.

आठवड्याच्या आत त्याच्या बदलीचा हुकूम निघाला. कारण 'प्रशासकीय सोय', गाव चार तासांवर. तिला हे कळलं ते कार्यालयातून तिच्या नावानं आलेल्या पाकिटातून. आत ती कच्ची वही होती आणि चिठ्ठी, की उद्या सकाळी नऊच्या बसनं निघतोय.

तिनं वही उघडली. मधोमध तिचं बोलणं आणि समासात बारीक पेन्सिल.

'आज बूट कोरडे. पाणथळीवर गेल्या नाहीत? बरं नसेल.'

'अकरा की बारा, स्वतःशीच हसल्या.'

'डबा नाही. जेवल्या नसाव्यात.'

शेवटच्या पानावर, 'आजही विचारायचं राहिलं.'

आपल्याला कोणी बघत नाही असं धरूनच ती इतके महिने चालली होती. वही मिटून ती पोटभर रडली.

सकाळी डेपोत तो बसच्या पायरीशी बॅग घेऊन उभा होता. पाऊस नुकताच थांबला होता, आणि मागं पाणथळीत बेडकांचा गोंधळ चालला होता.

"इतिवृत्त मिळालं," ती म्हणाली. "समासासकट वाचलं."

तो बॅगेचा पट्टा ओढत राहिला. "मग...?"

"वाचून कायम."

"कायम करायला मत लागतं. तुम्हाला नाहीये."

"या बाबतीत आहे."

तो हसला, आणि या वेळी तिनं कागदात न बघता त्याच्याकडे पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली.

"मोजणी रविवारी किती वाजता असते?" त्यानं पायरीवरून विचारलं.

"सहाला."

"तिकडून पहिली बस साडेसातला पोचते."

"पक्षी थांबायचे नाहीत साडेसातपर्यंत."

"आणि तुम्ही?"

बस हलली होती. "मी थांबते की," ती म्हणाली, आणि त्याला ते ऐकू गेलं की नाही हे तिला कळलं नाही.

रविवारी ती सहाला पाण्यात उतरली. तारीख लिहिली, पाण्याची उंची लिहिली. बदकं अकरा की बारा, ते पेन्सिलीनं लिहून ठेवलं. 'मोजणारे' हा रकाना तिनं मोकळा सोडला, आणि सात वाजून गेल्यावर डेपोच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली.